पंगत मोठी, वाढपी थोडे: युरोपातल्या पेन्शनचं गणित

मार्च २०२३ आठवतो? १४ तारखेला महाराष्ट्रातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. शाळांना कुलपं, कचेऱ्या ओस, आणि प्रत्येक मोर्च्यात एकच घोषणा: ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. त्याच आठवड्यात पॅरिसच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. तिथले सफाई कामगारही संपावर होते आणि भांडण पेन्शनचंच होतं. १६ मार्चला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी राज्यघटनेतल्या ४९.३ या कलमाचा आधार घेऊन, नॅशनल असेंब्लीत मतदान न घेताच, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा पुढे रेटला. त्या संध्याकाळी पॅरिसच्या भर चौकात आगी पेटल्या. आपल्याकडचा संप २० मार्चला मिटला. फ्रान्समधलं भांडण मात्र इतकं चिघळलं की २०२५ च्या अखेरीस तिथल्या संसदेला २०२७ ची अध्यक्षीय निवडणूक होऊन जाईपर्यंत ही वयवाढ थांबवून ठेवावी लागली.

दोन वर्षं जास्त काम करा म्हटलं तर एवढा आगडोंब का, असं तेव्हा आपल्याकडे अनेकांनी विचारलं. आणि एवढ्या श्रीमंत देशांना आपल्या म्हाताऱ्यांसाठी पैसे कमी कसे पडतात? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी जरा मुळाशी जावं लागतं, कारण पेन्शनचे पैसे येतात कुठून, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो.

माझ्या वडिलांचाही होतो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन येतात आणि म्हणतात, “माझ्याच पगारातून कापलेले पैसे मला मिळतात, कुणाचे उपकार नाहीत.” उपकार नाहीत हे शंभर टक्के खरं. पण त्यांच्या पगारातून कापला जायचा तो भविष्य निर्वाह निधी, आणि तो निवृत्तीच्या वेळीच त्यांच्या हातात पडला. जुन्या पेन्शनसाठी त्यांच्या पगारातून एक पैसाही कापलेला नव्हता. ती येते यंदाच्या करांमधून, म्हणजे आज कमावणाऱ्यांच्या आणि आज बाजारात साबण विकत घेणाऱ्यांच्या खिशातून.

युरोपात पेन्शन फक्त सरकारी नोकरांपुरती नसते. बेकरीतल्या कामगारापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत जवळजवळ सगळ्यांना ती असते आणि तिच्यासाठी दरमहा पगारातून वर्गणी कापली जाते. पण ती वर्गणीही कुठे साठत नाही, हे समजलं की अर्धं कोडं सुटतं.

आम्ही भरलेले पैसे गेले कुठे?

गावाकडच्या लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. आधी वडीलधारे बसतात, पोरं वाढतात. मग वाढणारे पानावर बसतात आणि दुसरे कुणी वाढायला उभे राहतात. भात वाढून वाढून हात दुखलेल्या पोरानं आपल्या वाटणीची जिलबी कुठे बांधून ठेवलेली नसते. त्याच्याजवळ असतो तो फक्त भरवसा, की आपण बसू तेव्हा कुणीतरी वाढेल.

जर्मनी, फ्रान्स, इटली या देशांतली सार्वजनिक पेन्शन नेमकी अशी चालते. या महिन्यात कामगारांकडून आलेली वर्गणी याच महिन्यात निवृत्तांच्या खात्यात जाते. तिला आपण ‘चालू वर्गणीची पेन्शन’ म्हणू. जर्मनीच्या पेन्शन खात्यात शिल्लक असते ती जेमतेम दीड-दोन महिन्यांच्या खर्चाइतकी. म्हणजे तिजोरी रिकामी झाली म्हणून पेन्शन बुडाली, असं होऊच शकत नाही, कारण तशी तिजोरी मुळात नाहीच.

सुरुवातीला असं नव्हतं. बिस्मार्कच्या जर्मनीनं १८८९ मध्ये म्हातारपणाच्या विम्याचा कायदा केला तेव्हा थोडाफार निधी साठवायची सोय होती. (पेन्शनचं वय तेव्हा ७० होतं. ‘बिस्मार्कनं ६५ ठरवलं’ असं नेहमी सांगितलं जातं, पण ६५ झालं ते १९१६ मध्ये, तो वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी.) मग पहिलं महायुद्ध आलं. १९२३ ची महागाई आली, जिच्यात आयुष्यभराच्या बचतीत पाव घेता येईना. दुसऱ्या महायुद्धानं उरलंसुरलं नेलं. एका पिढीनं दोनदा साठवलेलं दोनदा गमावलं. त्यानंतर १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत चान्सलर आडेनाउअर यांच्या सरकारनं पेन्शन चालू वर्गणीवर नेली आणि तिची सांगड वाढत्या पगारांशी घातली. कारखाने धडधडत होते, पगार चढत होते, आणि युद्धात होरपळलेल्या आजी-आजोबांना त्या भरभराटीत पहिल्यांदाच वाटा मिळाला. साठवणीवर विसंबू नये, माणसांवर विसंबावं, हे शहाणपण त्या देशाला फार मोठी किंमत मोजून आलं होतं. आज या पद्धतीला सहज ‘कालबाह्य’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये असं मला वाटतं.

गणित एका पानावर मावतं

धरून चालू की गावात चार माणसं कमावती आणि एक निवृत्त. प्रत्येकाचा पगार १०० रुपये, आणि निवृत्ताला पगाराच्या निम्मे म्हणजे ५० रुपये द्यायचं ठरलंय. चौघांनी साडेबारा-साडेबारा रुपये काढले की काम झालं. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास साधारण अशी स्थिती होती.

आता कमावते दोनच उरले. प्रत्येकाला २५ रुपये काढावे लागतील. वर्गणी साडेबाराच ठेवायची म्हटली, तर निवृत्ताच्या हातात २५ पडतील. फ्रान्स आज दोनच्याही खाली आलंय: एका निवृत्तामागे वर्गणी भरणारे सुमारे १.७.

म्हणून वाटा तीनच उरतात. वर्गणी वाढवा, पेन्शन कमी करा, किंवा लोकांना पंगतीला उशिरा बसवा. (करातून भर घालणं ही वेगळ्या नावाची वर्गणीच, फक्त ती जास्त लोकांकडून गोळा होते.) तिसऱ्या वाटेत सरकारांना एवढा रस का, तेही गणितातच दिसतं. एक माणूस दोन वर्षं उशिरा बसला की एक पान कमी होतं आणि एक वाढपीही जास्त मिळतो. एका दगडात दोन पक्षी. पक्ष्यांना ते आवडत नाही, हा भाग निराळा नाही. तोच तर सगळा वाद आहे.

पण एवढे वाढपी गेले कुठे?

‘लोक फार जगायला लागले’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ते खरं आहे: युरोपीय संघात ६५ वर्षांच्या माणसापुढे आज सरासरी आणखी वीस वर्षांचं आयुष्य असतं. पण आयुष्य हळूहळू, अंदाज बांधता येईल असं वाढलं. मोठा धक्का दिला तो पाळण्यांनी.

जर्मनीत (पूर्व-पश्चिम मिळून) १९६४ मध्ये साडेतेरा लाखांहून जास्त बाळं जन्मली. २०२४ मध्ये सुमारे ६ लाख ७७ हजार. इटलीत १९६४ मध्ये दहा लाखांवर, २०२४ मध्ये ३ लाख ७० हजार. आकडे पुन्हा वाचा: जन्म निम्म्यावर, इटलीत तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर. १९६४ ची ती भली मोठी तुकडी गेली चाळीस वर्षं वाढप्यांच्या रांगेत होती, म्हणून पंगत आरामात चालली होती. जर्मनीच्या कायद्यानुसार ती २०३१ मध्ये ६७ वर्षांची होऊन पानावर बसेल, आणि त्याच दिवशी वाढप्यांची रांग तेवढीच रिकामी होईल.

युरोपीय संघात आज दर पाच माणसांतलं एकाहून थोडं जास्त ६५ च्या पुढचं आहे. ६५ च्या वरच्या एका माणसामागे कामाच्या वयाची तीन माणसं आहेत, आणि शतकाच्या मध्यापर्यंत ती दोनच्या आसपास येतील. यात ज्योतिष काहीच नाही. २०५० मध्ये साठीत असणारी माणसं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, मोजून झालेली आहेत. या प्रश्नाइतकी आगाऊ सूचना राजकारणात दुसऱ्या कुठल्याच प्रश्नानं दिली नसेल, आणि तरी तो इतका लांबवला गेला, याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

एक कामगार आज चौघांचं काम करतो, त्याचं काय?

हा आक्षेप चांगला आहे आणि तो झटकून टाकू नये. यंत्रं आली, संगणक आले, माणसामागचं उत्पादन कितीतरी वाढलं. मग वाढपी निम्मे झाले म्हणून बिघडलं कुठे?

आपल्या गावातच बघू. पगार १०० चा २०० झाला. पेन्शन पगाराच्या निम्मीच ठेवायची असेल तर तीही ५० ची १०० होते, आणि दोघा कमावत्यांवर भार येतो प्रत्येकी ५०, म्हणजे पगाराच्या २५ टक्केच. टक्का हलला नाही. पण कमावत्याच्या हातात उरतात १५०. पूर्वीच्या चौघांतल्या प्रत्येकाकडे उरायचे साडेसत्याऐंशी. म्हणजे वर्गणीचा टक्का दुप्पट होऊनही तरुण पिढी पूर्वीपेक्षा सुखवस्तू असू शकते. ‘म्हातारे तरुणांना खाऊन टाकणार’ अशी भीती घालणारे लोक हा भाग सांगत नाहीत.

दुसरी युक्ती म्हणजे पेन्शनची सांगड पगाराशी न घालता महागाईशी घालायची. फ्रान्सनं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हेच केलं. पेन्शनरला वस्तू तेवढ्याच घेता येतात, पण भोवतीचं जग पुढे जातं आणि तो जिथल्या तिथे राहतो. पासष्टीत कुणाला ते फार जाणवत नाही. पंच्याऐंशीत, नव्वदीत जाणवतं, जेव्हा सोबतीला माणूस ठेवायचा असतो आणि त्या माणसाचा पगार मात्र आजच्या भावानं द्यायचा असतो.

मग ही साखळी योजनाच नाही का?

नव्यांचे पैसे घेऊन जुन्यांना द्यायचे, म्हणजे आपल्याकडच्या बुडव्या चिटफंडांसारखंच की, असं बरेच जण म्हणतात. दोहोंत फरक आहे. साखळी योजनेला प्रत्येक फेरीत दुप्पट-चौपट गिऱ्हाईक लागतं, म्हणून ती कोसळतेच. पंगतीला तसं लागत नाही. वाढपी आणि बसणारे यांचं प्रमाण स्थिर राहिलं, अगदी एकास एक असलं, तरी ती चालू राहते. पान फक्त लहान होतं. साखळीचा मालक हिशेब लपवतो, इथे हिशेब दरवर्षी संसदेसमोर असतो. आणि वर्गणी सक्तीची असल्यामुळे नवे लोक यायचे अचानक थांबत नाहीत.

म्हणून ‘युरोपातली पेन्शन बुडणार’ हे वाक्य मला पटत नाही. ती आटू शकते, उशिरा मिळू शकते. नाहीशी होणार नाही. ग्रीसमध्ये २०१० नंतरच्या कर्जसंकटात पेन्शनवर पुन्हा पुन्हा कात्री चालली, म्हाताऱ्यांचे फार हाल झाले, पण पेन्शन तिथेही बंद पडली नाही.

ज्यानं त्यानं आपापलं साठवावं

पंगत सोडा, घरून डबा आणा. हा उपाय कानाला छान लागतो आणि त्यात तथ्यही आहे. नेदरलँड्समध्ये सर्वांना मिळणारी सरकारी पेन्शन १९५७ पासून आहे, आणि तिच्या जोडीला उद्योगवार पेन्शन निधी आहेत. त्यांत आज दीड लाख कोटी युरोंहून जास्त रक्कम जमा आहे, देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षाही जास्त. डच माणूस म्हातारपणाबद्दल इटालियन माणसापेक्षा निश्चिंत असतो त्याचं हे मोठं कारण.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पीठ साठवता येतं, गरम पोळी साठवता येत नाही. २०४५ मध्ये आजारी पडलेल्या माणसाला उठवून बसवणारी नर्स, त्याला दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर, त्याचं गळकं छप्पर दुरुस्त करणारा गवंडी, हे सगळे २०४५ मध्येच काम करणार. साठवलेला पैसा त्यांच्या श्रमावर हक्क सांगतो, श्रम निर्माण करत नाही. सगळ्यांनीच भरपूर साठवलं आणि काम करणारे हात कमी पडले, तर त्या हातांची मजुरी वाढेल आणि साठवणीची किंमत तेवढी उतरेल. डब्याचा खरा फायदा असा, की तो परदेशातही गुंतवता येतो, जिथे तरुण हात अजून आहेत. त्यामुळे थोडं पीठ घरात असावं. पण डब्यानं पंगतीचा प्रश्न सुटतो, हे खरं नाही. आणि पगार महिनाअखेरीलाच संपतो त्या माणसाला डबा भरायला कुणी सांगावं?

शिवाय पंगतीकडून डब्याकडे जाताना मधली एक पिढी दोनदा भरडते. आईवडिलांची पेन्शन तिनंच द्यायची आणि स्वतःचंही तिनंच साठवायचं.

स्वीडनचा ब्रेक

मला सगळ्यांत विचार करायला लावतो तो स्वीडन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठं आर्थिक संकट आलं आणि डावे-उजवे मोठे पक्ष एका टेबलाभोवती बसले. १९९४ ते १९९८ मध्ये त्यांनी जुनी पद्धत मोडून नवी बांधली. पगाराच्या साडेअठरा टक्के वर्गणी कायमची ठरली. त्यातले १६ टक्के पंगतीतच जातात, पण प्रत्येकाच्या नावे कागदावर एक खातं असतं, जणू ते साठतायत. उरलेले अडीच टक्के खरोखर गुंतवले जातात. निवृत्त व्हाल तेव्हा कागदावरची रक्कम तुमच्या वयाच्या लोकांच्या उरलेल्या सरासरी आयुष्यावर भागली जाते. पिढी जास्त जगणारी असेल तर मासिक पेन्शन आपोआप कमी. भरून काढायची तर थोडं उशिरा निवृत्त व्हा. दरवर्षी घरोघर एक नारिंगी पाकीट येतं, त्यात हा सगळा हिशेब असतो. आज बरेच जण तो फोनवर बघतात, पण ‘नारिंगी पाकीट’ हे नाव टिकून आहे.

आणि एक ब्रेक आहे. देणी जमेपेक्षा जास्त झाली की पेन्शनची वाढ आपोआप रोखली जाते, गरज पडल्यास ती प्रत्यक्ष घटते. संसदेत मतदान नाही, मोर्चा नाही. जागतिक मंदीनंतर हा ब्रेक खरंच लागला: २०१०, २०११ आणि पुन्हा २०१४ मध्ये स्वीडिश पेन्शन कमी झाली. राजकारण्यांना राहवलं नाही, त्यांनी पेन्शनरांच्या करात सवलत देऊन फटका हलका केला. पण यंत्रणा मोडली नाही.

याला अर्थातच दुसरी बाजू आहे. जोखीम सरकारच्या खांद्यावरून उतरून प्रत्येक म्हाताऱ्याच्या खांद्यावर गेली. अर्धवेळ काम करून मुलं वाढवलेल्या बायकांचं कागदी खातं लहान राहिलं. त्यांच्यासाठी करातून हमी पेन्शन द्यावी लागते. स्वीडनमध्ये यावर आजही तक्रारी आहेत. तरीही, ‘किती मिळेल’ हे खरंखरं आणि वेळेवर सांगणारी व्यवस्था म्हणून मला ती आदरणीय वाटते.

उशीर केला की काय होतं

इटलीची गोष्ट याच्या नेमकी उलट. १९७३ मध्ये तिथे असा नियम झाला की सरकारी नोकरीतली विवाहित, मुलंबाळं असलेली स्त्री चौदा वर्षं, सहा महिने आणि एक दिवस नोकरी करून पेन्शन घेऊ शकते. पस्तिशीत निवृत्त झालेल्या या लोकांना तिथे ‘बेबी पेन्शनर’ म्हणतात. १९९५ मध्ये पद्धत बदलली, पण बदल इतका हळू लागू होणार होता की मोठ्या पिढीला त्याची झळच लागू नये.

मग २०११ चं कर्जसंकट आलं. व्याजदर भडकले, सरकार पडलं, आणि ४ डिसेंबरला नव्या श्रममंत्री एल्सा फोर्नेरो पेन्शनमधले बदल सांगायला पत्रकारांसमोर बसल्या. ‘त्याग’ हा शब्द उच्चारताना त्यांचा कंठ दाटला आणि त्या रडल्या. वाक्य शेजारी बसलेल्या पंतप्रधान मारिओ मोन्टी यांनी पुरं केलं. वीस वर्षांचं काम काही आठवड्यांत उरकलं गेलं. त्यात हजारो माणसं अशी अडकली, ज्यांनी ‘आता एक-दोन वर्षांत पेन्शन सुरू होईलच’ म्हणून कंपनीशी बोलून नोकरी सोडली होती. रातोरात पेन्शनचं वय पुढे सरकलं. नोकरी नाही, पेन्शनही नाही. त्यांच्यासाठी इटालियन भाषेत एक नवा शब्दच रूढ झाला, ‘एसोदाती’. त्यांना सांभाळून घ्यायला पुढे कितीतरी वर्षं एकामागून एक दुरुस्त्या कराव्या लागल्या.

गरज दोन्ही देशांना होती. फरक पडला तो वेळेचा. चाळिशीतल्या माणसाला ‘तुला दीड वर्ष जास्त काम करावं लागेल’ सांगितलं तर तो कुरकुरतो आणि आयुष्याचा बेत बदलतो. एकसष्टाव्या वर्षी तेच सांगितलं तर बेत बदलायला त्याच्याकडे आयुष्यच उरलेलं नसतं.

मग सरकारं वेळेवर का बोलत नाहीत? जर्मनीत निम्म्याहून जास्त मतदार पन्नाशीच्या पुढचे आहेत. १९८६ मध्ये तिथले श्रममंत्री नोर्बर्ट ब्ल्यूम ‘एक गोष्ट नक्की: पेन्शन’ अशी भित्तिपत्रकं स्वतःच्या हातानं चिकटवत होते. तो फोटो जर्मनीत अजूनही प्रसिद्ध आहे. पेन्शन आली, येतेही आहे. पण आज वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, त्यावर केंद्र सरकारला करातून दरवर्षी १०० अब्ज युरोंहून जास्त ओतावे लागतात, आणि पेन्शनची पातळी सरासरी पगाराच्या ४८ टक्क्यांखाली जाऊ न देण्यावरून २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षातले तरुण खासदार स्वतःच्याच सरकारवर उलटले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: हे बिल कुणाच्या नावानं फाडताय?

वय वाढवा, संपला विषय

ऑफिसात बसणाऱ्याला हे सोपं वाटतं. जर्मनीत या वादात नेहमी कौलारू छपरं शाकारणाऱ्या कारागिराचं उदाहरण येतं: ६७ व्या वर्षी त्यानं छपरावर चढायचं का?

आयुष्यही सगळ्यांना सारखं मिळत नाही. फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेनं २०१२ ते २०१६ या काळासाठी काढलेला हिशेब असा, की सर्वांत श्रीमंत पाच टक्के पुरुष आणि सर्वांत गरीब पाच टक्के पुरुष यांच्या सरासरी आयुष्यात जवळजवळ तेरा वर्षांचं अंतर आहे: ८४.४ आणि ७१.७. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ झालं की पहिल्याच्या साधारण २२ वर्षांच्या पेन्शनमधून दोन जातात, दुसऱ्याच्या जेमतेम दहातून दोन. नियम सगळ्यांना एकच, पण एकाचा अकरावा हिस्सा गेला आणि दुसऱ्याचा पाचवा. पॅरिसच्या सफाई कामगारांनी कचरा का उचलला नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. ते आळशी नव्हते.

डेन्मार्कनं यावर एक तोड काढली. २००६ मध्ये तिथे ठरलं की आयुर्मान वाढेल तसं पेन्शनचं वय वाढेल, आणि तेही पंधरा वर्षं आधी जाहीर करून. मे २०२५ मध्ये संसदेनं २०४० पासून ते ७० करायला मंजुरी दिली. मात्र कोवळ्या वयात कामाला लागलेल्या, चाळीसहून जास्त वर्षं घाम गाळलेल्या लोकांना २०२२ पासून लवकर पेन्शन घेता येते. आणि पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनीही सांगितलं की वय असं आपोआप वाढवत राहणं पुढे चालणार नाही. मोजपट्टी जन्मतारखेची असावी की किती वर्षं राबलात त्याची? मला दुसरी जास्त न्याय्य वाटते.

बाहेरून माणसं आणा

इथे आपलाच संबंध येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला: नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना वाढपी कमी पडतायत.

यानं मदत होते, आणि लगेच होते. पण आलेला वाढपीही एक दिवस पानावर बसणार आणि तो त्याचा हक्क असणार. त्याला पाच वर्षांची वर्गणी भरली की जर्मन पेन्शनचा हक्क मिळतो, आणि २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे दोन्ही देशांतली वर्षं त्यासाठी एकत्र धरली जातात. पंगत दरवर्षी तरुण ठेवायची तर दरवर्षी जास्त माणसं आणावी लागतील, आणि ती येणार कुठून? पोलंड, रोमानिया स्वतःच म्हातारे होतायत. महाराष्ट्रातही एका स्त्रीमागे मुलांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच १.७ वर आलं होतं. लोकसंख्या टिकायला २.१ लागतं.

समजा, साताऱ्याजवळच्या एका गावातली मुलगी जर्मन शिकून श्टुटगार्टच्या रुग्णालयात नर्स झाली. तिच्या पगारपत्रकावर एक ओळ असते: पेन्शन विमा, ९.३ टक्के. तेवढेच मालक भरतो. सरासरी पगारावर वर्षभर काम केलं की तिच्या नावे एक गुण जमा होतो. जुलै २०२५ च्या भावानं त्या गुणाचे म्हातारपणी दरमहा ४०.७९ युरो. तिची आजची वर्गणी याच महिन्यात तिथल्या कुणा आजीच्या खात्यात जाते, कदाचित तिच्याच वॉर्डातल्या. सत्ताविशी ओलांडून पाच वर्षं भरली की तिला दरवर्षी टपालानं पत्र येईल: आतापर्यंत इतके गुण, ६७ व्या वर्षी साधारण इतकी पेन्शन.

गावाकडे तिची आई शेतमजुरी करते. तिला असं पत्र कुठूनच येत नाही. ती ६५ ची झाली आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं तर श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळतील. बाकीचं म्हातारपण ती श्टुटगार्टहून येणाऱ्या पैशांवर धरून चालली आहे, त्याच पगारातून, ९.३ टक्के कापून गेल्यावर जे उरतं त्यातून.